न धुतलेला रेडिएटर

प्राध्यापकांनी उष्णता या विषयावर सतरा वर्षे व्याख्याने दिली होती आणि त्या सतरा वर्षांत उष्णतेने त्यांचे एकदाही ऐकले नव्हते. विद्यार्थ्यांनी निदान ऐकल्यासारखे केले होते.

गेल्या वर्षीच्या सहा तासांच्या शर्यतीत, चौथा तास नुकता लागला असताना, त्यांनी स्वतःच्या हातांनी टर्बो बसवलेली गाडी उकळली. हा शब्द अलंकारिक नाही. पाण्याचे तापमान एकशे एकवीस अंशांवर गेले, रेडिएटरच्या झाकणाने हात टेकले आणि सात लिटर हिरवे, बुळबुळीत शीतक एका अवघड वळणावर सांडले. मागून येणाऱ्या दोन गाड्या त्यावरून घसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चालकांपैकी कोणाला खरचटलेसुद्धा नाही. दुखापत झाली ती आयोजक समितीच्या प्रतिष्ठेला, आणि समित्यांच्या जखमा माणसांच्या जखमांइतक्या लवकर भरत नाहीत.

गाडी चालवत होती प्राध्यापकांची पत्नी. ती चौदा वर्षे शहराची बस चालवत होती आणि शर्यतीच्या मैदानावर तिला ‘बसवाली’ म्हणत. ज्यांनी आयुष्यात कधी बारा मीटर लांबीचे वाहन अरुंद चौकातून वळवलेले नाही, अशा लोकांना हा शब्द अपमानाचा वाटे. तिला तो हुद्दा वाटे. यंदा समितीचे पत्र आले ते असे: रविवारी सकाळी, समितीच्या परीक्षकासमोर, शर्यतीच्या वेगाने अर्धा तास गाडी चालवून दाखवावी; रेडिएटरात साधे पाणीच असावे, म्हणजे सांडलेच तर कोणी घसरणार नाही; तापमान एकशे दहाच्या वर गेल्यास प्रवेश रद्द. पुढच्या वर्षापासून इतक्या जुन्या बनावटीच्या गाड्या त्या वर्गातून बाद होणार होत्या. म्हणजे हा रविवार हुकला की बसवालीची शर्यत कायमची हुकली. दुसरी गाडी घेण्याची ऐपत त्या घरात नव्हती, आणि दुसऱ्याने आपली गाडी तिच्या हाती द्यावी इतके मोठे मन त्या मैदानावर नव्हते.

वर्षभर प्राध्यापक उपाय करत होते. त्यांच्या कपाटात उष्णतावहनावरचे चार जाडजूड ग्रंथ होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी सल्ला घेतला तो दुकानदारांचा आणि गाड्यांच्या शौकिनांचा. शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड आहे: दुसऱ्याच्या ज्ञानावर शंका घ्यायची असते तेव्हा त्याला ग्रंथ आठवतात आणि स्वतःचे काम अडते तेव्हा तो बाजारात जातो. बाजाराने त्यांना दुप्पट जाडीचा रेडिएटर दिला. दोन जास्तीचे पंखे दिले. रेडिएटरकडची पाण्याची वाट लवकर उघडणारा थर्मोस्टॅट दिला, ज्यामुळे गाडी पूर्वीइतकीच तापे, फक्त तीन मिनिटे उशिरा. शिवाय दोन सल्ले फुकट मिळाले. इंजिनाखालचे सपाट झाकण काढून टाका, आणि बॉनेट मागच्या बाजूने, काचेपाशी, दोन बोटे उचलून ठेवा. कारण विचारले की सगळे एकाच सुरात सांगत, “गाडीला हवा लागली पाहिजे, सर.”

हवा लागली पाहिजे. वाक्य इतके सरळ होते की त्याला प्रश्न विचारणे प्राध्यापकांना अप्रशस्त वाटले.

एवढे करूनही सरावात आठव्या फेरीला एकशे पंधरा. नववी फेरी त्यांनी होऊच दिली नाही.

आता ज्या घरातली मुलगी त्यांनी केली होती, त्या घरात रेडिएटर दुरुस्तीचा धंदा होता, हे येथे सांगितले पाहिजे. सासूबाई, ज्यांना प्राध्यापक मामी म्हणत, छत्तीस वर्षे ते दुकान चालवत होत्या. हात त्यांनी थोरल्या भावाकडे बसवला. भावाला काम येत होते पण कामाची ओढ नव्हती, म्हणून दुकान यथावकाश बहिणीकडे आले. समोर वर गुंडाळला जाणारा पत्र्याचा दरवाजा. आत भिंतीला टांगलेले तांब्या-पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे सांगाडे. मधोमध कोणाच्या तरी घरातून निघालेला एक पांढरा बाथटब, काठोकाठ पाण्याने भरलेला. रेडिएटरची तोंडे रबरी बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची आणि त्या टबात बुडवायचा. बुडबुडा आला की गळती. या परीक्षेला कोणी आक्षेप घेत नसे आणि तिच्या निकालावर अपील नसे. प्राध्यापकांच्या विद्यापीठात असा एकही टब नव्हता.

प्राध्यापकांनी तो नवा रेडिएटर वर्षभरात तीन वेळा मामींकडे नेला. नेण्याआधी तो ते धूत. मऊ कुंचला, कोमट पाणी, पातळ साबण. धार मागच्या बाजूने आणि हलकी, म्हणजे पत्र्याच्या कोवळ्या पाकळ्या दुमडत नाहीत. मग सुती कापडाने टिपून घ्यायचा. सासूबाईंच्या दारात मळकी वस्तू घेऊन जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“किती हो स्वच्छ ठेवता, जावईबापू!” मामी दर वेळी म्हणत.

हे वाक्य प्राध्यापकांनी तीनही वेळा कौतुक म्हणून स्वीकारले.

“गळतोय का कुठे, मामी?”

“थेंब नाही.”

“आतून चोंदलाय?”

“छे हो, पाणी खळखळ वाहतंय. रेडिएटरला काही धाड भरलेली नाही.”

“मग गाडी तापते कशी?”

मामी हातातली बुचे पुसत. एकदा छताकडे बघत, एकदा टबाकडे. “आता... तुम्ही एवढे शिकलेले. मी काय सांगू तुम्हाला?”

या उत्तराचा अर्थ प्राध्यापकांनी शब्दशः घेतला. मामींना काही सांगायचे नाही, असा. अकरा वर्षांच्या नात्यात दोघांनी एकमेकांशी एकही वाकडा शब्द काढला नव्हता, आणि त्या सभ्यतेत बऱ्याच उपयोगी वस्तू पुरल्या गेल्या होत्या.

गुरुवारी, परीक्षेला तीन दिवस उरले असताना, सरावाच्या सातव्याच फेरीत काटा एकशे चौदावर गेला. बसवालीने गाडी मैदानाबाहेर काढली, ती निवेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मग स्टिअरिंग धरले ते थेट आईच्या दुकानाच्या दिशेने. प्राध्यापक शेजारी बसले होते.

“अगं, निदान घरी नेऊन धुऊन तरी घेऊ. पुढची जाळी बघ, किडे चिकटलेत सगळे.”

“दाढी करून न्हाव्याकडे जाणारा माणूस तूच पहिला.”

“ही दाढी नाहीये.”

“नाहीच्चे. दाढी परत उगवते. रविवार उगवत नाही.”

यावर प्राध्यापकांना सुचलेले उत्तर तर्कशुद्ध होते, म्हणून ते त्यांनी दिले नाही.

मामींनी गाडी दारात पाहिली आणि हातातली डाख द्यायची कांडी खाली ठेवली. मुलीने पुढचा बंपर आणि त्यामागचा इंटरकूलर सोडवून बाजूला घेतला. मामींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, लाकडी पाट सरकवून गाडीच्या तोंडासमोर बैठक मारली आणि रेडिएटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्याहाळला. प्राध्यापक अवघडून उभे होते. रेडिएटरवर मेलेल्या माश्या, चिलटे, धूळ, घासलेल्या टायरांचे काळे कण, असा सगळा मैदानाचा केर चिकटलेला होता, आणि त्यांना तो स्वतःच्या सदऱ्यावर पडल्यासारखा वाटत होता.

“आत्ता कसं!” मामी म्हणाल्या.

“माफ करा मामी, धुवायला वेळच—”

“बरं झालं. बसा इथे, माझ्याशेजारी. तो डबा घ्या बसायला.” त्यांनी बोट दाखवले. “किडे कुठे आहेत?”

“सगळीकडे.”

“नीट बघा.”

प्राध्यापकांनी नीट पाहिले. किडे सगळीकडे नव्हते. ते खाली, मधोमध, शाळेच्या वहीएवढ्या एका पट्ट्यात दाट बसले होते. उरलेला रेडिएटर, डावा-उजवा, वरचा, चारही कोपरे, कारखान्यातून आल्या दिवसासारखा चकचकीत होता.

“जिथे किडे, तिथून हवा गेली,” मामी म्हणाल्या. “जिथे नाहीत, तिथे गेली नाही. एवढा मोठा तुमचा रेडिएटर, त्यातला वहीएवढा कामाला. बाकीचा नुसता गाडीत बसून फिरतोय. आता इकडे या.” त्यांनी टॉर्च गाडीच्या तोंडात, अगदी बाजूला, दिव्याच्या पाठीमागे धरली. तिथे, हॉर्नच्या पितळी तोंडावर आणि दिव्याच्या पट्टीवर, माश्यांचा लगदा झाला होता. “हॉर्नला कोणी थंड करायला सांगितलं होतं?”

बसवाली खो खो हसली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांना जे दिसत होते ते हसण्याच्या पलीकडचे होते. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर एरवी सगळ्यांत पुढे. त्याच्या मागे चार बोटे मोकळी जागा. त्यामागे रेडिएटर. समोरून आलेली हवा इंटरकूलर ओलांडून त्या फटीत येत होती आणि तिथून डावीउजवीकडे निसटून दिवे, हॉर्न आणि चाके यांची सेवा करत होती.

“हवेला काय पडलंय तुमच्या जाळीतून जायचं?” मामी म्हणाल्या. “दुप्पट जाड जाळी, चिंचोळ्या फटी. शेजारी एवढं मैदान मोकळं. हवा आळशी असते, जावईबापू. आमच्या दादासारखी. सोपी वाट दिसली की अवघड वाटेने पाऊल टाकायची नाही.”

“पण मामी, हवा लागते भरपूर. पुढचं तोंड एवढं मोठं आहे—”

“लागते हो. लागून काय करायचंय? भिंतीलाही वारा लागतो. आरपार गेली पाहिजे.” त्या थांबल्या. “मला एवढंच सांगा, आत आलेली हवा बाहेर कुठून जाते?”

हवा आत कशी येते यावर प्राध्यापक चाळीस मिनिटे, आकृत्यांसह, बोलू शकले असते. बाहेर कुठून जाते यावर त्यांच्याजवळ एक वाक्यही नव्हते. वर्षभर त्यांनी, दुकानदारांनी आणि झाडून साऱ्या शौकिनांनी ‘लागणे’ या एकाच क्रियापदावर विश्वास टाकला होता, आणि ते क्रियापद दारातच संपत होते. त्याहून जिव्हारी लागली ती दुसरी गोष्ट. पुरावा दर वेळी त्यांच्या हातात होता. तीन वेळा त्यांनी पोथी साबणाने धुतली होती आणि मग अर्थ लागत नाही म्हणून ती जाणत्या माणसासमोर ठेवली होती.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“संशय पहिल्याच दिवशी आला. गळत नाही, चोंदलेला नाही, म्हणजे मग हवाच. पण धुतलेल्या रेडिएटरवरून काय शपथ घेणार? आणि म्हणायचं कसं? जावयाला सांगायचं, धुऊ नका, तुमचं चुकतंय...”

“मला सांगायचं होतंस, आई,” बसवाली म्हणाली.

“तू चारचौघांत बोलली असतीस.”

“बोललेच असते!”

“म्हणून नाही सांगितलं.”

शुक्रवारी त्यांनी गाडीला लोकरीचे धागे चिकटवले. ही कल्पना प्राध्यापकांची. विमानांच्या पंखांवर असे धागे लावून हवा कुठे वाहते ते पाहतात, एवढे त्यांच्या ग्रंथांनी त्यांना शिकवले होते, आणि न्यायबुद्धीने हेही नोंदवले पाहिजे. विणकामाच्या टोपलीतली लाल लोकर बोटभर लांबीची कापून त्यांनी बॉनेटवर, फटींपाशी आणि इंजिनाखाली ओळीने डकवली. एक जुना फोन बॉनेटच्या काठावर, दुसरा इंजिनापाशी बांधला. बसवालीने बस आगाराच्या मागच्या सरळ, ओसाड रस्त्यावर दोन वेळा भरधाव गाडी नेली आणि मग तिघेही दुकानातल्या टबाच्या काठावर बसून चित्रण बघू लागले.

बॉनेट मागून उचलून ठेवले होते ते गरम हवा तिथून बाहेर जावी म्हणून. पडद्यावर तिथले सगळे धागे आत वाकलेले दिसत होते. काचेवर आपटलेली हवा तिथे दाटत होती आणि त्या फटीतून इंजिनाकडे घुसत होती.

मामींनी चित्रण पुन्हा लावायला सांगितले. “दार उघडलंत खरं,” त्या म्हणाल्या, “पण पाहुणे आत येताहेत.”

खालचे झाकण काढलेल्या जागीही तेच. रस्त्यावरची हवा वर उसळून इंजिनाभोवती कोंडत होती. मागून कोंडलेले, खालून कोंडलेले. अशा भरल्या घरात रेडिएटरमधून येणाऱ्या हवेने बसायचे कुठे? त्या बिचारीने हॉर्नची वाट धरली, यात तिचा काय दोष? प्राध्यापकांनी मनाशी मोजले: उपाय म्हणून केलेल्या पाचांपैकी तीन गोष्टी गाडीला तापवत होत्या. उरलेल्या दोन निरुपयोगी होत्या.

“झाकण परत बसवा. बॉनेट खाली,” मामी म्हणाल्या. “आणि तो तुमचा जाडजूड काढा. जुना बसवू.”

“जुना? मामी, तो पातळ आहे. तो तर गेल्या वर्षी उकळला.”

“तो नाही उकळला. त्याला उकळवलं. पातळ आहे म्हणून हवा सहज जाईल. मी आतून-बाहेरून साफ करून ठेवलाय. तुम्ही टाकून दिला होता, मी उचलून आणला.”

वर्षभराच्या अभ्यासानंतर परीक्षेला निम्म्या जाडीच्या रेडिएटरने सामोरे जायचे. विकणाऱ्यांनी हे ऐकले असते तर त्यांनी दुकानाचे दार लावून घेतले असते. पण गेल्या चोवीस तासांत त्यांना एक विचित्र अनुभव येत होता. मामींचे बोलणे ते मनातल्या मनात ग्रंथांशी ताडून बघत आणि दर वेळी ग्रंथ मामींच्या बाजूने साक्ष देत. सगळे तिथे लिहिलेले होते. दाब जास्त तिकडून कमीकडे; विरोध कमी तिकडे प्रवाह. सतरा वर्षे त्यांनी हे फळ्यावर लिहिले होते. मामींनी ते कधी वाचले नव्हते, फक्त छत्तीस वर्षे गाडीच्या तोंडासमोर बसून त्याचा परिणाम पाहिला होता. अशा माणसाला आपले जग ‘अशिक्षित कारागीर’ म्हणते आणि तिच्या जावयाला ‘प्राध्यापक’. या वाटणीचा त्यांना त्या दिवशी इतका थंड, इतका स्पष्ट राग आला की तो राग समितीवर, बाजारावर आणि स्वतःवर समान वाटूनही उरला.

“बाहेर जायची वाट कुठे काढू?” मामींनी बॉनेटवर पंजा ठेवत विचारले. “हे तुमचं खातं. तुमचं पुस्तक काय म्हणतं?”

प्राध्यापकांनी खडू घेतला. बॉनेटच्या पुढच्या काठापासून एक वीत मागे, जिथे वरून जाणारी हवा सर्वांत वेगाने आणि म्हणून सर्वांत कमी दाबाने सरकते, तिथे त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या. “इथे. इथे वरची हवा आतली हवा ओढून घेईल.”

मामींनी रेघांकडे पाहिले, मान डोलावली, आणि काहीही न विचारता कापायला घेतले. अकरा वर्षांत प्रथमच कोणीतरी त्यांच्या ज्ञानावर पत्रा कापला, ही घटना प्राध्यापकांच्या दृष्टीने पदवीदानाहून मोठी होती.

शनिवारचा सगळा दिवस पेटी करण्यात गेला. गाडीच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत, तिथून रेडिएटरपर्यंत, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चौकोनी नळी. प्रत्येक सांध्यावर काळ्या फोमची पट्टी. मामी पत्रा असा वाकवत की जणू तो आधीच तसा वाकायला निघाला होता आणि त्यांनी फक्त रस्ता दाखवला. लाकडी हातोडीचा एक टोला, अर्धा टोला, मग अंगठ्याने काठ चाचपणे. त्या मापपट्टी वापरत नसत असे नाही. वापरत, पण कापून झाल्यावर, खात्री करायला. पट्टी दर वेळी त्यांच्याशी सहमत होई. मग गाडीवर जाड गोधडी टाकून त्यांनी पेटीच्या आत दिवा लावला आणि स्वतः गोधडीखाली शिरल्या.

“उजेड दिसतोय इथे. पट्टी द्या. अजून. जिथून उजेड निसटतो तिथून हवाही निसटते.”

प्राध्यापक पत्र्याची कड दाबून धरत होते. हात घामाने निसरडे झाले होते आणि कड सरकली.

“अरे, धर ना नीट!” गोधडीखालून आवाज आला. “पत्रा धरतोयस का फूल?”

गोधडी हलली. मामींचा चेहरा बाहेर आला, केस विस्कटलेले, नाकाला काजळी.

“म्हणजे... धरा. जरा नीट धरा, असं म्हणत होते मी.”

“पहिलंच बरं होतं,” प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी कड नीट धरली.

मुलगी पान्हा हातात घेऊन चाकापाशी बसली होती. “अकरा वर्षं लागली,” ती चाकाला उद्देशून म्हणाली.

रविवारी सकाळी मैदानावर ऊन चढत होते. परीक्षक म्हणून समितीने पाठवलेले गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून, घडीच्या खुर्चीत, एका छापील फॉर्मसह बसले होते. त्यांनी गाडीच्या पाण्यात समितीचे स्वतःचे तापमापक बसवून घेतले. आकडा त्यांच्या हातातल्या पडद्यावर उमटणार होता. परीक्षा चालू असताना चालकाशी बोलण्यास मनाई. मैदान इतरांच्या सरावासाठी खुले राहील. फॉर्मवर ‘निकाल’ या शब्दापुढे पेन्सिलीने आधीच एक अक्षर लिहिलेले होते. प्राध्यापकांनी ते उलट्या बाजूने वाचले. ते ‘अ’ होते. ‘अपात्र’चे पहिले अक्षर, आणि बाकीची दोन अक्षरे फक्त वेळेअभावी राहिलेली.

“बसवाली आली रे, तिकिटं काढा!” पलीकडच्या कट्ट्यावरून कोणीतरी ओरडले.

ती हेल्मेट चढवत होती. “उभ्याने यायचं असेल तर जागा आहे,” ती म्हणाली. “बसायची लायकी असलेले आधीच बसलेत.”

गाडी निघाली. पहिल्या पाच मिनिटांत ब्याण्णव. दहाव्या मिनिटाला शहाण्णव, मग एकशे एक. प्राध्यापकांचे कान तापले. हीच ती चढण होती; वर्षभर त्यांनी ती पाहिली होती, आकड्यांची ती शांत, निर्दय पायरी. एकशे दोन. एकशे तीन.

एकशे तीन.

एकशे तीन.

आकडा हलेना. गाडी समोरून गरजत गेली, वळण घेतले, पुन्हा आली, आणि पडद्यावर एकशे तीन. न हलणाऱ्या आकड्याकडे बघताना डोळ्यांत पाणी येऊ शकते, हे प्राध्यापकांना कोणत्याही ग्रंथात आढळले नव्हते. बॉनेटवरच्या दोन फटींमधून गरम हवा इतक्या जोरात वर येत होती की तिच्यामागची काच आणि काचेमागचे हेल्मेट पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे थरथरत होते. हवा आरपार जात होती. उघड्या डोळ्यांना दिसत होती.

परीक्षकांनी पडद्याला बोटाने टिचकी मारली. पडद्याने मत बदलले नाही.

बाविसाव्या मिनिटाला मैदानावर एक भलीमोठी, जड गाडी सरावाला उतरली आणि वळणांच्या रांगेत बसवालीच्या नेमकी पुढे आली. तिथे ओलांडायला जागा नव्हती. बसवालीची गाडी तिच्या शेपटीला चिकटली.

एकशे चार. एकशे सहा.

“काय झालं?” प्राध्यापक कुजबुजले.

“उष्टी हवा खातेय,” मामी म्हणाल्या. “पुढच्याने वापरून टाकलेली. गरम, आणि तीही थोडीच. पोट कसं भरणार?”

एकशे सात. एकशे आठ. सहा मिनिटे शिल्लक, आणि वळणांची रांग संपायला अजून अर्धी फेरी. प्राध्यापकांनी आवाजाशिवाय ओठ हलवले: बाहेर काढ, बाहेर काढ, काटा बघ. बोलायला मनाई होती आणि बोलूनही ऐकू गेले नसते. परीक्षकांनी खिशातून शाईचे पेन काढले. मामींनी जावयाचे मनगट धरले. पत्रा वाकवणाऱ्या बोटांची ती पकड होती, आणि मनगट आपले असल्याची जाणीव प्राध्यापकांना बऱ्याच वर्षांनी झाली.

मग, वळणाच्या तोंडाशी, बसवालीची गाडी अर्ध्या अंगाने डावीकडे सरकली. ओलांडायला नव्हे, ओलांडता येतच नव्हते. तशीच अर्धी बाहेर राहून ती पुढच्या गाडीच्या तिरकस मागे धावू लागली, आणि पुढचे वळण आले तेव्हा उजवीकडे सरकली. प्रत्येक वळणाला शर्यतीची नेहमीची रेघ सोडून दिलेली, तरीही अंतर वीतभरही वाढलेले नाही. बघणाऱ्यांपैकी ज्यांना गाडी कळत होती ते कट्ट्यावरून उठून उभे राहिले.

एकशे सात. एकशे सहा. सरळ रस्ता आला आणि ती जड गाडीच्या शेजारून निघून गेली. एकशे चार. अर्धा तास संपला तेव्हा पडद्यावर पुन्हा एकशे तीन होते.

परीक्षकांनी फॉर्म पुढे ओढला. पेन्सिलीचे ते अक्षर खोडायला त्यांच्याजवळ रबर नव्हते. त्यांनी त्यावर दोन रेघा मारल्या, शेजारी ‘पात्र’ लिहिले, त्याखाली ‘कमाल एकशे आठ’, आणि कागद न बोलता प्राध्यापकांच्या हाती दिला. प्राध्यापकांनी तो मामींकडे दिला. मामींनी आधी हात पदराला नव्हे, अंगातल्या जाड कामाच्या कोटाला पुसले, मग तो वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

गाडी आत आली. बसवालीने हेल्मेट काढले. कपाळाला केस चिकटलेले, गाल लालबुंद. प्राध्यापक खिडकीशी धावले.

“एकशे आठ! तू नेमकी बाहेर काढलीस. नेमकी! काटा कधी बघितलास?”

“कुठला काटा?”

“पाण्याचा. आठपर्यंत गेला होता.”

“हो का?” ती दार ढकलून बाहेर आली आणि हातमोजे काढू लागली. “समोरच्या झरोक्यातून तोंडावर गरम झोत आला. एका बसच्या मागे दुसरी लागली की येतो ना, तसा. त्याला काय, अर्धी गाडी बाहेर काढायची. रोजचंच आहे ते.”

“म्हणजे काट्याकडे पाहिलंच नाहीस? अर्धा तास? गेल्या वर्षी तर तुझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती.”

ती थांबली. तिच्याही ते आत्ताच लक्षात येत होते.

“नाही रे,” ती म्हणाली. “वेळ कुठे होता? गाडी चालवत होते.”